पिशवी काढायच्या आधी: स्त्रियांच्या कर्करोगाचं निदान आणि शस्त्रक्रिया, पायरी-पायरीने

सुरगाण्याकडच्या एक काकू आमच्या वॉर्डात आल्या, तेव्हा त्यांची गर्भाची पिशवी चार महिन्यांपूर्वीच काढून झाली होती. अंगावरून पांढरं जायचं, मधूनच लाल. एका छोट्या दवाखान्यात ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल’ असं सांगून ऑपरेशन केलं होतं. आधी पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन पाहणं) नाही, तुकडा (बायोप्सी) नाही. काढलेली पिशवी मुलाला ट्रेमध्ये दाखवली आणि फेकून दिली. पुन्हा रक्त सुरू झालं तेव्हा योनीच्या वरच्या टोकाला गाठ सापडली. आजार पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचा होता. ज्या मोठ्या ऑपरेशनने तो आजूबाजूच्या पेशीजालासकट निघाला असता, त्याची संधी पहिल्याच सुरीने घालवली होती. पुढचा सगळा उपचार शेकावर (रेडिएशनवर) आणि किमोवर करावा लागला.

नाशिकमध्ये शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढली. काकूंसारख्या बायका दर वर्षी पाहिल्या, आणि प्रत्येकीच्या कागदांत एकच गोष्ट उलटी झालेली दिसली: क्रम. आधी डोळ्यांनी तपासणी, मग तुकडा, मग आजार कुठवर पोहोचलाय याचा अंदाज आणि शेवटी सुरी. याच क्रमाने पुढे लिहिते आहे.

लक्षण कोणत्या अवयवाकडे बोट दाखवतं

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी पिशवीच्या अस्तराची तपासणी करायची. ‘पाळी परत आली’ असं म्हणून हळदीकुंकवाच्या गप्पांत हसण्यावारी नेलेलं हे रक्त मी फार वेळा ऐकलं आहे. बहुतेकींच्या बाबतीत कारण साधं निघतं, पण ते तपासून साधं ठरवायचं असतं. वजन जास्त, मधुमेह, बरीच वर्षं अनियमित पाळी किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल तर अजिबात थांबू नका.

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग पडणं, अंगावरून वास येणारं पाणी जाणं ही पिशवीच्या तोंडाची, म्हणजे गर्भाशयमुखाची लक्षणं. संबंधानंतरच्या रक्ताबद्दल बायका डॉक्टरांनाही सांगत नाहीत. सोबत सासू किंवा मुलगा असेल तर मुळीच नाही. तपासणीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर बसवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अंडाशयाचा आजार सगळ्यांत लबाड. पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, लघवीला सारखं जावं लागतं, कंबरेत साडी घट्ट होते. बाई सहा महिने गॅसच्या गोळ्या खाते. चाळिशीपुढे ही तक्रार पहिल्यांदाच सुरू झाली आणि दोन-तीन आठवडे रोजच्या रोज राहिली, तर पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी मागून घ्या.

बाहेरच्या भागाची खाज वर्षानुवर्षं नायट्याच्या मलमावर चालली असेल, तिथे पांढरा चट्टा, गाठ किंवा न भरणारी भेग असेल, तर मलम बदलण्याआधी तुकडा तपासावा. हा आजार तसा कमी आढळतो, पण सापडतो उशिराच.

नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका

आपल्याकडे पोटाची कुठलीही तक्रार असली की पहिली फेरी सोनोग्राफी सेंटरला. गर्भाशयमुखाचा लहान कर्करोग सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही. तो दिसतो योनीत तपासणीचं यंत्र लावून, चांगल्या उजेडात, डोळ्यांनी. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ हे वाक्य रक्त जाणाऱ्या बाईसाठी पुरेसं नाही. आतून तपासणी झाली का, हे विचारायचं.

काही त्रास नसलेल्या बाईने तिशीनंतर गर्भाशयमुखाची चाळणी तपासणी करून घ्यायची. तीन पद्धती आहेत. पॅप, जी साधारण दर तीन वर्षांनी करतात. एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, जी निगेटिव्ह आली तर किमान पाच वर्षं निश्चिंत राहता येतं. आणि व्हीआयए, म्हणजे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून पिशवीच्या तोंडावर पांढरे डाग येतात का ते मिनिटभरात पाहणं. ही शेवटची तपासणी तीस वर्षांवरच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमात मोफत आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तो याच कामाचा भाग असतो, त्यांना परत पाठवू नका.

याचा पुरावा परदेशातून आणावा लागत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १.३ लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून व्हीआयए करवून घेतलं, तिथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तरी २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १.२७ लाख स्त्रियांना हा आजार झाला आणि जवळपास ८० हजार दगावल्या.

एक खुलासा इथेच करते, कारण यावरून फार पिशव्या निघतात. रिपोर्टमध्ये ‘सीआयएन’ लिहिलं असेल तर तो कर्करोग नव्हे. ती त्याच्या कितीतरी आधीची अवस्था. त्यातही सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप बरी होते. २ आणि ३ साठी दुर्बिणीखाली पाहून तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढतात. बाई संध्याकाळी घरी जाते. नुसतं पांढरं जाणं, साधी ‘सूज’, पिशवीच्या तोंडावरचा लालसरपणा ही पिशवी काढण्याची कारणं नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांच्या पिशव्या अशाच भीतीवर काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रासमोर आलं.

तुकडा: कुठे घ्यायचा आणि कुठे मुळीच नाही

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती मी शहरातल्या शिकलेल्या घरांतही ऐकली आहे. उत्तर अवयवावर अवलंबून आहे, म्हणून नीट वाचा.

पिशवीचं तोंड, योनी, बाहेरचा भाग: इथे तुकडा घ्यायचाच. त्याने आजार पसरत नाही. बहुतेकदा बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत होतो. डोळ्यांना गाठ दिसत असेल तर पॅप करत बसू नका. जखमेवरून घेतलेली पॅप चुकीने नॉर्मल येऊ शकते, आणि ‘नॉर्मल’चा तो कागद घेऊन बाई सहा महिने घरी बसते.

पिशवीचं अस्तर: पाळी गेलेल्या बाईत योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी. त्याहून जाड असेल किंवा रक्त परत परत येत असेल, तर बारीक नळीने अस्तराचा नमुना घेतात किंवा हिस्टरोस्कोपीने, म्हणजे पिशवीत बारीक दुर्बीण घालून, आत पाहून घेतात. हा रिपोर्ट हातात येण्याआधी पिशवी काढण्याची तारीख घेऊ नका.

अंडाशय: इथे नियम उलटा. अंडाशयाची गाठ त्याच्या कवचात बंद असेल, बाकी पोट स्वच्छ असेल आणि कर्करोगाचा संशय असेल, तर सुई टोचायची नाही, पाणी ओढायचं नाही, पोटात फोडायची नाही. कवच फुटून पेशी पोटात सांडल्या तर पहिल्या टप्प्याचा ‘१ए’ आजार ‘१सी’ होतो, आणि जिला कदाचित किमो लागली नसती तिला ती लागू शकते. अशी गाठ अख्खी, न फोडता, प्लास्टिकच्या थैलीत घालून किंवा पोट उघडून काढतात आणि ऑपरेशन चालू असतानाच तिची ताबडतोब तपासणी करतात. त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. तुमच्या रुग्णालयात फ्रोझनची सोय आहे का, हे तारीख ठरवण्याआधी विचारा. आजार आधीच पोटभर पसरला असेल आणि किमोने सुरुवात करायची असेल, तर मात्र सोनोग्राफीच्या मदतीने सुईने तुकडा घेणं बरोबर.

आपल्या भागात डॉक्टरांनाही चकवणारी एक गोष्ट म्हणजे पोटाचा टीबी. पोटात पाणी, वजन घटलेलं, सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारी रक्तातली खूण) शेकड्यांत, स्कॅनमध्ये पोटाच्या पडद्यावर दाणे. हे चित्र अंडाशयाच्या पसरलेल्या कर्करोगाचंही आणि टीबीचंही. पेठ तालुक्यातली एकोणतीस वर्षांची एक मुलगी रडत आली होती, घरच्यांनी आशा सोडली होती. तुकड्यात टीबी निघाला, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती बरी झाली. सीए-१२५ मासिक पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्येही (अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजारात) वाढतो. त्या एका आकड्यावर कर्करोग ठरत नाही आणि नाकारलाही जात नाही. वीस-पंचविशीच्या आतल्या मुलीत गाठ असेल तर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्याही हव्यात, कारण त्या वयातल्या गाठींची जातच वेगळी असते.

आता डब्याबद्दल. छोट्या रुग्णालयात तुकडा किंवा काढलेली पिशवी डब्यात घालून नातेवाइकाच्या हाती देतात आणि लॅबला पोहोचवायला सांगतात. डब्यात फॉर्मलिन (अवयव टिकवणारं द्रावण) आहे का आणि अवयव त्यात पूर्ण बुडालाय का ते पाहा. सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात ठेवलेला अवयव कुजतो आणि रिपोर्ट बिघडतो. लेबलवर नाव, वय, तारीख आणि कुठला भाग ते असावं. त्याच दिवशी पोहोचवा, पावती घ्या. नंतर रिपोर्टबरोबर मेणाचा ब्लॉक आणि काचा जपून ठेवायला सांगा. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासायला मागतात. कारण कोणतंही असो, काढलेली प्रत्येक पिशवी तपासणीला गेलीच पाहिजे.

टप्पा ठरवणं

गर्भाशयमुखासाठी ओटीपोटाचा एमआरआय सगळ्यांत उपयोगी, कारण गाठ किती सेंटिमीटर आणि बाजूच्या पेशीजालात शिरली आहे का, यावरच ऑपरेशन की शेक हे ठरतं. अस्तराच्या आजारातही एमआरआय चालतो. अंडाशयासाठी छाती ते ओटीपोट सीटी स्कॅन. पेट स्कॅन प्रत्येकीला लागत नाही. तो कशासाठी सांगितलाय ते विचारा, खर्च मोठा असतो. स्कॅनआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या, आणि स्कॅनची सीडी रिपोर्टइतकीच जपा.

कुठे जायचं, कागद काय लागतात

हे ऑपरेशन स्त्री-कर्करोगाच्या किंवा कर्करोग शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाने करायचं असतं. तुमच्या प्रसूतीतज्ज्ञ कितीही हुशार आणि प्रेमळ असल्या तरी. निदान त्यांच्याकडे करा, सुरीसाठी चिठ्ठी मागा. चांगल्या डॉक्टर ती आनंदाने देतात.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय ही सरकारी दारं. पेठ रोडवर नामको ट्रस्टचं कर्करोग रुग्णालय आहे, मुंबई नाक्याच्या परिसरात खासगी केंद्रं आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात कर्करोगाची ऑपरेशनं, किमो, शेक येतात. रुग्णालय योजनेत आहे का आणि नेमक्या या उपचारासाठी आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार, तुकड्याचा रिपोर्ट आणि स्कॅन लागतात. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यायची असते. अडतं बहुतेक नावावर: आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डवर सासरचं. तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे सात-आठ दिवस हे दुरुस्त करण्यात घालवा.

परळच्या टाटाला जायचं ठरलं तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरतात. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षं कर्करुग्णांचा आधार आहे. तिकिटात सवलत मिळते, रेल्वेचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्या.

डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न मी कागदावर लिहून देते: टप्पा कोणता? या टप्प्याला ऑपरेशन आधी की किमो-शेक आधी? ऑपरेशनमध्ये काय काय निघणार? ऑपरेशननंतर शेक लागण्याची शक्यता किती? चौथा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यांत कामाचा.

कोणाला कोणतं ऑपरेशन

गर्भाशयमुख: गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि तोंडापुरतीच असेल तर रॅडिकल हिस्टरेक्टोमी, म्हणजे पिशवी, बाजूचं पेशीजाल, योनीचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातल्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड). २ सेंटिमीटरच्या आतल्या, कमी धोक्याच्या निवडक गाठींना साधं ऑपरेशनही पुरतं, असं २०२४ मधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. मूल हवं असलेल्या तरुणीत लहान गाठ असेल तर फक्त तोंड काढून पिशवी ठेवता येते. ‘दुर्बिणीने करा, टाके कमी’ असा आग्रह नातेवाईक धरतात, पण या आजाराच्या मोठ्या ऑपरेशनला तो धरू नका. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, दुर्बीण-रोबोटच्या गटात ८६ टक्के.

गाठ मोठी किंवा बाजूला पसरलेली असेल तर उपचार शेक, आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध आणि शेवटी आतून दिलेला शेक. घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन नाही म्हणाले, म्हणजे हात टेकले.’ तसं नाही. टाटातच झालेल्या चाचणीत आधी किमो देऊन मग ऑपरेशन केलेल्यांपेक्षा किमो-शेक घेतलेल्या बायकांचे पाच वर्षांचे निकाल चांगले आले: ६९.३ विरुद्ध ७६.७ टक्के आजारमुक्त. हा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा. सण, लग्न, कांद्याची काढणी यासाठी मधे खंड पाडू नका, आणि आतला शेक टाळून घरी जाऊ नका.

अस्तर: पिशवी, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं आणि ग्रंथींची तपासणी. इथे दुर्बीण चालते, आणि जाड, मधुमेही बाईला तीच बरी, कारण जखम लवकर भरते. पिशवी मात्र आत तुकडे न करता अख्खी बाहेर यावी. हल्ली हिरवा रंग टोचून पहिली ग्रंथी शोधतात आणि तेवढीच काढतात, त्यामुळे पायांवरची सूज कमी होते.

अंडाशय: पोटावर उभा, मोठा छेद लागतो. नातेवाईक तो पाहून घाबरतात. पिशवी, अंडाशयं, आतड्यांवरची चरबीची चादर, पोटाच्या पडद्यावरचे दाणे, लागलं तर आतड्याचा भाग. उद्देश एकच, डोळ्यांना दिसेल असा आजार मागे ठेवायचा नाही. बाईचं पुढचं आयुष्य या एका गोष्टीवर फार अवलंबून असतं. पहिल्याच फेरीत ते जमणार नसेल किंवा बाई अशक्त असेल, तर तीन किमो, ऑपरेशन, पुन्हा तीन किमो असा क्रम घेतात. पोटात गरम किमो देण्याबद्दल हल्ली खूप विचारणा होते. ती निवडक बायकांसाठी, तयारी असलेल्या केंद्रातच. तरुण मुलींच्या बीजपेशींच्या गाठीत एकच अंडाशय काढून पिशवी आणि दुसरं अंडाशय वाचवतात, किमोने बहुतेक मुली बऱ्या होतात.

ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे दिवस

मिशरी बंद करा, आजपासून. आमच्याकडे बायका ‘तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि पहाटे मिशरी लावतात. भूलतज्ज्ञांना ती सांगायलाच हवी. हिमोग्लोबिन आणि साखर ताब्यात आणा. रक्त चालू असेल तर हिमोग्लोबिन पाच-सहावर आलेलं असतं, तेव्हा दाते आधीच शोधा. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं यंत्र घरीच सुरू करा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर किती दिवस आधी थांबवायची ते लिहून घ्या. अन्न-पाण्याची शेवटची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी उठून चार पावलं चालायचं. ‘पोटात इतके टाके, निजून राहू दे’ असं म्हणणारी मावशी प्रत्येक खोलीत असते. पडून राहिल्याने पोटरीत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. पोटावरचं इंजेक्शन त्यासाठीच असतं, घरी गेल्यावरही सांगितले तितके दिवस घ्या. रॅडिकल ऑपरेशननंतर लघवीची नळी आठवडा-दहा दिवस राहू शकते, कारण मूत्राशयाच्या नसा दुखावलेल्या असतात. नळी काढल्यावर लघवी पूर्ण होते का ते मोजून घ्या. ताप, पोटरी दुखून सुजणं, योनीतून पाण्यासारखी धार किंवा घरी गेल्यावर सतत उलट्या: यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

तरुण बाईची अंडाशयं काढली तर एका रात्रीत पाळी जाते. अंगातून वाफा, झोप नाही, चिडचिड. हे तिला आधी सांगितलेलं असावं, आणि नवऱ्यालाही. शेकानंतर योनी आकसू नये म्हणून वापरायचं साधन असतं, संबंध कधी सुरू करायचे हेही ठरलेलं असतं. डॉक्टरांना विचारायला लाज वाटली तर वॉर्डातल्या सिस्टरला विचारा.

शेवटचा रिपोर्ट आणि पुढच्या तारखा

काढलेल्या अवयवांचा अंतिम रिपोर्ट साधारण आठवडा-दहा दिवसांनी येतो. टाके काढायला गेलात म्हणजे काम संपलं असं नाही, पुढे शेक-किमो लागेल का ते याच कागदावर ठरतं. अंडाशयाचा आजार असेल तर बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा, घरात दुसऱ्या कुणाला कर्करोग नसला तरी. दोष सापडला तर प्रत्येक मुलीला आणि मुलालाही तो असण्याची शक्यता निम्मी असते. अस्तराच्या आजारात काढलेल्या गाठीची एमएमआर तपासणी (पेशीतली डीएनए-दुरुस्ती नीट चालते का ते पाहणारी; लशीशी तिचा संबंध नाही) करतात. तिच्यातून आतड्याच्या कर्करोगाचा घराण्यातला धोका कळू शकतो. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर तिला एचपीव्ही लशीचे दोन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते.

पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. दिंडोरी-निफाडच्या बायकांच्या तारखा चुकतात त्या ऑक्टोबरच्या छाटणीत आणि जानेवारी ते मार्चच्या द्राक्ष-काढणीत. तेव्हा तारीख घेतानाच खिडकीवर सांगा की त्या आठवड्यात बागेत काम आहे. आठ दिवस अलीकडची तारीख सहसा मिळते. ती फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या आणि मुलाच्या मोबाइलमध्ये टाका.